स्प्रिंग तुटते, गाडी चालतच राहते

रत्नागिरीच्या बाजूला माझं गॅरेज आहे. इंजिनाची कामंही करतो, पण हात बसला तो गाडीच्या खालच्या कामावर: शॉकअप, लोअर आर्म, बुश, बॉलजॉइंट आणि स्प्रिंगा. एमएच-०८ च्या गाड्या तर येतातच, शिवाय गणपती-शिमग्याला मुंबई-पुण्याहून निघालेल्या गाड्या खड्डे खात खात येऊन दारात उभ्या राहतात. ब्रेक नीट लागत नाही म्हटलं की माणूस धावत येतो. एसी चालेना तरी धावत येतो. स्प्रिंग तुटलीय म्हणून मात्र फारसं कुणी येत नाही, कारण ती तुटल्याचं त्याला ठाऊकच नसतं. आम्हीच दुसऱ्या कामासाठी गाडी वर उचलतो आणि तुकडा खाली पडतो. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या गाड्यांत हे दुखणं मी इतकं पाहिलंय की त्याबद्दल एकदा सविस्तर सांगावं असं फार दिवस मनात होतं.

१. तुटलेली स्प्रिंग गाडीला थांबवत नाही

लांज्याकडचे एक गुरुजी बारा वर्षांची छोटी गाडी घेऊन आले. तक्रार टायरची. पुढचा डावा टायर आतल्या अंगाने चिरला होता. पंक्चरवाला म्हणाला, धारदार दगड लागला असेल. गुरुजींनी नवा टायर घातला आणि महिनाभरात तोही त्याच जागी चिरला. "रस्तेच असे आहेत मेस्त्री, काय करणार?" असं ते म्हणाले. मी चाक काढलं. स्प्रिंगचं खालचं पाऊण वेटोळं तुटून गेलं होतं आणि उरलेल्या स्प्रिंगचं टोक बशीच्या कडेवरून बाहेर येऊन थेट टायरच्या भिंतीकडे रोखलेलं होतं. खड्ड्यात चाक वर गेलं की ते टोक रबराला लागायचं.

हे कसं होतं ते कळायला पुढच्या चाकाची बांधणी डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाची ही रचना १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत आली आणि पुढे जगभर रुळली. उभा शॉकअप, त्याच्या अंगावर वेल्ड केलेली लोखंडी बशी, बशीत उभी स्प्रिंग आणि वर बेअरिंगचं माउंटिंग. जागा कमी लागते, सुटे भाग कमी लागतात. पण या रचनेत स्प्रिंगची बशी टायरच्या अगदी जवळ येते. लहान गाडीत दोहोंच्या मधून जेमतेम एक-दोन बोटं जातात. त्या फटीत तुटक्या पोलादाचं टोक आलं की टायरला सुटका नसते.

"पण गाडी तर नीट चालत होती की!" गुरुजींना हे पटतच नव्हतं. त्यांचं म्हणणं खरं होतं. सबंध स्प्रिंग काही नाहीशी होत नाही. खालचं अर्धं-पाऊण वेटोळं गेलं की उरलेली स्प्रिंग तशीच खाली सरकते आणि बशीवर टेकते. तो कोपरा एक-दोन सेंटिमीटर खचतो. इंजिन तेच, गिअर तेच, डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागत नाही. माणूस महिनोन्‌महिने बायकापोरांना बसवून तशीच गाडी चालवतो. गुरुजींचा टायर घराजवळच्या रस्त्यावर हळूहळू चिरत गेला आणि हवा उतरली म्हणून लक्षात आलं. तोच टायर हायवेवर ऐंशीच्या वेगात फाटला असता तर स्टिअरिंग हातात राहिलं नसतं. अशाच टोकाने ब्रेकचा होज घासून अर्धा झालेलाही मी पाहिलाय.

टायर वाचला तरी ब्रेक मारताना फरक पडतोच. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड झाला की ओझं तिरक्या दोन पायांवर जातं, तसं गाडीचंही होतं. एका चाकावरचा भार कमी होतो. कोरड्या रस्त्यावर ते जाणवत नाही. आंबा घाटात पावसात, ओल्या वळणावर जोराचा ब्रेक मारला की भार कमी झालेलं चाक आधी सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

२. पोलाद एका दिवसात तुटत नाही

गॅरेजच्या कपाटात मी तुटलेल्या स्प्रिंगांचे तुकडे एका डब्यात ठेवलेत. गिऱ्हाइकाला समजवायला शंभर शब्दांपेक्षा तो डबा बरा पडतो. तुकडा हातात घेऊन तुटलेलं तोंड उजेडात धरलं की दोन रंग दिसतात. एका कडेला काळपट, गंजलेला डाग. उरलेला भाग राखाडी, चमकता, ताजा. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती कधी पडली कुणास ठाऊक, पण तिथून पाणी आत शिरत होतं आणि गंज खात होता. चमकणारा भाग शेवटच्या क्षणी तुटला. म्हणजे ज्या दिवशी गिऱ्हाईक म्हणतं "काल त्या स्पीडब्रेकरवर खट्कन आवाज झाला", त्या दिवशी मोडला तो उरलेला भाग. चिरेचं काम कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंग दाबली जाते असं आपण म्हणतो. बाहेरून ते खरंच, पण आत त्या तारेला पीळ बसतो. गाडीच्या पुढच्या स्प्रिंगची तार साधारण हाताच्या बोटाएवढी, दहा ते चौदा मिलिमीटर जाडीची. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिला पीळ बसतो आणि सुटतो. हा सगळा ताण तारेच्या गाभ्याला कमी आणि पृष्ठभागाला जास्त सोसावा लागतो, वेटोळ्याच्या आतल्या अंगाला तर सगळ्यांत जास्त. म्हणून चीर पडते ती पृष्ठभागावरूनच, आणि पिळामुळे ती तारेला सरळ आडवी न जाता बहुधा तिरकी, पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाते. तुकड्यांच्या त्या तिरक्या तोंडावरूनच मला कळतं की हा माल थकून गेलाय, कुणी घण मारून तोडलेला नाही.

कारखान्यात हे सगळं माहीत असतं. स्प्रिंगचं पोलाद साधं नसतं. त्यात सिलिकॉन, मँगेनीज, क्रोमियम असतं. वेटोळं घातल्यावर ते तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला चिवटपणा आणतात. मग त्यावर बारीक पोलादी गोळ्यांचा जोराचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग दाबून घट्ट होतो आणि चीर सहज पडत नाही. शेवटी फॉस्फेटचा थर आणि वर भट्टीत भाजलेला जाड रंग. त्या रंगाकडे आपण शोभा म्हणून पाहतो, पण स्प्रिंगचं आयुष्य त्यावर टिकून असतं. दगडाचा टवका उडाला, रंग गेला, ओल लागली की तिथे गंजाचा लहानसा खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशी ताण गोळा होतो आणि चीर तिथून निघते. गाड्या हलक्या करायच्या म्हणून हल्लीच्या स्प्रिंगा जास्त कणखर पोलादाच्या, पण बारीक तारेच्या असतात. पोलाद जितकं कडक, तितकं ते अशा खळग्याला लवकर बळी पडतं. म्हणून "जुनी स्प्रिंग जाड होती, टिकायची" असं म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलं की मी ते उडवून लावत नाही.

३. आधी खालचं टोक बघा

स्प्रिंग मधोमध तुटलेली क्वचित सापडते. तुटते ती खाली, बशीत टेकलेल्या वेटोळ्यात किंवा त्याच्या लगेच वर. कारण तिथे सगळी संकटं एकत्र येतात. चाक फिरताना चिखल उडतो तो बशीत जाऊन बसतो. पाणी निघून जायला बशीला भोक किंवा खाच असते, ती चिखलाने बुजते. आमच्याकडचा जांभ्याचा लाल चिखल एकदा बसला की दिवाळीपर्यंत ओल धरून राहतो. त्यात खालचं वेटोळं आणि त्याच्या वरचं वेटोळं प्रत्येक खड्ड्यात एकमेकांना टेकतात, मधल्या वाळूने रंग खरवडला जातो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने त्या बशीत काय चालत असेल याची कल्पना करा.

मागच्या चाकांना बऱ्याच लहान गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असतात. स्प्रिंग ॲक्सलवरच्या तसराळ्यासारख्या खोलगट जागेत बसते. तिथेही तीच कथा, फक्त तुटलेला तुकडा टायरकडे जाण्याऐवजी बहुधा रस्त्यावर पडतो. तुमच्या मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या पुढ्यात तो तुकडा पडला तर काय होईल, हा विचार मला पुष्कळदा छळतो.

साधा उपाय आहे. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाण्याचा पाइप घेऊन चाकाच्या आतून बशीत पाणी मारा, चिखल निघेपर्यंत. गाडीचं छत धुतलं नाही तरी चालेल.

४. समुद्राच्या वाळूत गाडी घालू नका

दापोलीजवळ मुरूड, कर्दे, तिकडे गुहागर, इकडे आरे-वारे. सुट्टीत पाहुणे येतात आणि गाडी थेट ओल्या वाळूत घालतात. फोटो निघतात, लाटांतून गाडी पळवतात. कधी कधी गाडी रुतते आणि भरतीचं पाणी दारापर्यंत येतं, मग गावकरी ट्रॅक्टरने ओढून काढतात. त्या दिवशी गाडीला काही होत नाही. घरी गेल्यावर मालक गाडी वरून धुतो, पॉलिश करतो. स्प्रिंगच्या बशीत अडकलेली खारी वाळू मात्र तिथेच राहते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे ती जागा कोरडी म्हणून होतच नाही. साध्या पाण्याने जे काम करायला वर्षं लागतात ते मिठाचं पाणी फार लवकर करतं.

थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगा तुटणं ही नेहमीची गोष्ट आहे. काही गाड्या तर कंपन्यांनी परत बोलावून बशीभोवती लोखंडी कडं बसवून दिलं, तुटलेलं टोक टायरवर जाऊ नये म्हणून. आपल्याकडे रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही, पण किनाऱ्यालगतच्या गावांत हवाच खारी आहे. मिऱ्याच्या किंवा हर्णैच्या गाडीचा तळ आणि साताऱ्याच्या त्याच वयाच्या गाडीचा तळ शेजारी ठेवला तर दोन्ही एकाच कारखान्यातून निघाल्यात असं वाटणार नाही. मासळी वाहणाऱ्या गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको. बर्फाचं खारट पाणी दिवसभर खाली ठिबकत असतं.

एवढी कळकळीची विनंती आहे की किनाऱ्यावर पायी फिरा. गाडी गेलीच असेल तर त्याच दिवशी, परतायच्या आधी, रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

५. पाट्यांच्या गाड्यांची सवय विसरा

ज्यांनी ॲम्बेसेडर चालवली त्यांना वाटतं, एखादी पट्टी तुटली तर काय एवढं! ॲम्बेसेडरला मागे पाटे होते आणि पुढे टॉर्शन बार. प्रीमियर पद्मिनीला पुढे स्प्रिंगा, पण मागे पाटेच. पाट्याच्या जुडग्यातला मधला एक पाटा तुटला तर बाकीचे पाटे ओझं उचलतात, गाडी गॅरेजपर्यंत निर्धास्त येते. वेटोळ्याच्या स्प्रिंगला असा जोडीदार नसतो. चाकामागे तार एकच. टेम्पो-जीपवाल्यांनाही मी सांगतो की मेन पाटा तुटला तर ॲक्सल मागेपुढे सरकतो, तेव्हा तिथेही बेफिकिरी नको.

६. आवाज ऐका, पण आवाजावर विसंबू नका

उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पुढून "टण्ण" असा ताणून सुटल्यासारखा आवाज आला, आणि त्याबरोबर स्टिअरिंगला हलकासा झटका बसला, तर स्प्रिंग बघायलाच हवी. पुढचं चाक वळलं की स्प्रिंगही सोबत फिरते. तुटलेलं टोक बशीत अडकतं, स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते. वरचं बेअरिंग जाम झालं तरी असाच आवाज येतो, म्हणून नुसता आवाज ऐकून निवाडा करू नये.

खड्ड्यात "खड् खड्" आवाज आला तर तो लिंक रॉडचा असू शकतो, बुशचा असू शकतो, शॉकअपचाही असू शकतो. अनेक ठिकाणी मिस्त्री लिंक रॉड बदलून देतो, आवाज थोडा कमी होतो आणि तुटकी स्प्रिंग तशीच राहते. आणि कितीतरी गाड्यांत काहीच आवाज नसतो. तुकडा चिखलात घट्ट बसलेला असतो आणि गाडी मुकाट चालते. काचा बंद, एसी चालू, गाणी चालू असली तर येणारा आवाजही कानावर पडत नाही. म्हणून डोळ्यांनी बघणं सुटत नाही.

७. टेप आणि टॉर्च पुरेत

सपाट जागेवर गाडी उभी करा. कुणाला आत बसवू नका, डिकीतलं सामान काढा, चारही टायरांची हवा सारखी करा. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कमानीपर्यंत टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूत थोडा फरक असतोच, पण एका बाजूला दीड-दोन सेंटिमीटर कमी भरलं तर कारण शोधा.

त्यानंतर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून चाकाच्या मागून टॉर्च मारा. स्प्रिंगचं खालचं टोक कुठे आहे? कारखान्यात कापलेलं टोक सरळ, नीट कापलेलं असतं आणि बशीतल्या खाचेत टेकलेलं असतं. टोक तिरकं, खडबडीत दिसलं किंवा खाचेपासून लांब सरकलेलं दिसलं तर स्प्रिंग तुटलीय. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांची वेटोळी मोजून ताडून बघा. टायरच्या आतल्या भिंतीवर गोल घासल्याची रेघ आहे का तेही बघा. रंगाखालून नारिंगी गंजाचा बारीक ओघळ येत असेल तर तिथे चीर असू शकते, तिथला चिखल ब्रशने काढून पुन्हा बघा.

गाडी जॅकवर असताना खाली डोकं घालू नका. बघायला लागतं ते चाकाच्या बाजूने दिसतं. बाकीचं रॅम्पवर.

८. पासिंग झालं म्हणून निश्चिंत होऊ नका

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. मग तपासणी होऊन दर ५ वर्षांनी ती वाढवून मिळते. म्हणजे पहिली १५ वर्षं त्या गाडीच्या खाली सरकारी नजर वाकून जायचं काही कारणच नाही. टॅक्सी, टेम्पो अशा धंद्याच्या गाड्यांचं वेगळं आहे. ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दर वर्षी त्यांना फिटनेस घ्यावा लागतो.

आमच्याकडच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथे गाडी ३ वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी नावाची तपासणी असते. त्याने जुनी गाडी घेतली, ती एमओटीत नापास झाली, कारण मागची स्प्रिंग तुटलेली. त्याने अहवालाचा फोटो वडिलांना पाठवला आणि वडील तो मला दाखवायला घेऊन आले. कुठल्या बाजूची, कुठली स्प्रिंग, सगळं छापलेलं. दुरुस्त केल्याशिवाय गाडी पास होणार नाही. जपानमध्ये पहिली तपासणी ३ वर्षांनी आणि पुढे दर २ वर्षांनी. आपल्या खासगी गाड्यांनाही, निदान ७-८ वर्षांनंतर, अशी नियमित तपासणी सक्तीची व्हायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना त्याचा त्रास होईल, दलाल मधे घुसतील, हे सगळं मला कळतं. तरीही हवी. आणि ती गाडी उचलून, खालून बघून हवी. धूर तपासून शिक्का मारण्याने स्प्रिंगची चीर दिसत नाही.

रिकॉलची आशाही फार धरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली, पण २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत ती ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरती आहे. स्प्रिंगचं दुखणं सुरू होतं ते त्यानंतर. जुन्या गाडीची काळजी मालकालाच घ्यावी लागते.

९. वेल्डिंग नाही, गॅस नाही, करवत नाही

तुटलेली स्प्रिंग वेल्ड करून मिळेल का, असं विचारणारे आहेत, आणि करून देणारेही आहेत. हे कधीही करू नका. तापवून-विझवून पोलादाला आणलेला चिवटपणा वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी संपतो. सांध्याच्या शेजारी ती पुन्हा तुटणार. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून वेटोळं कापणारी, गॅसने तापवून स्प्रिंग बसवणारी तरुण मुलंही येतात. मी काम नाकारतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

रबराचे बफर हा दुसरा प्रकार. गाडी खाली टेकते म्हणून दोन वेटोळ्यांच्या मध्ये रबर अडकवतात. गाडी उचलली जाते खरी, पण ती वेटोळी काम करेनाशी होतात आणि त्यांचा वाटा बाकीच्यांवर पडतो. शिवाय रबराखाली पाणी-वाळू धरून राहते. टेकत असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा ओझं जास्त आहे, दोन्हींचा खरा इलाज वेगळा आहे. डिकीत सीएनजीची टाकी बसवली की साठ-सत्तर किलो कायमचे मागे येतात, त्यावर पाच माणसं आणि गणपतीचं सामान. अशा गाडीच्या मागच्या स्प्रिंगांवर जास्त लक्ष ठेवा. त्या आधीच पुष्कळ दाबलेल्या असतात.

भंगारातली, दुसऱ्या गाडीची काढलेली स्प्रिंगही नको. तिचं वय कुणाला ठाऊक नसतं, आणि चीर रंगाखाली लपते. काळा स्प्रे मारलेला माल नव्यासारखा दिसतो.

१०. बदलाल तेव्हा जोडीने

डावी तुटली तर उजवीही बदला. ती तितकीच वर्षं, तितकेच खड्डे आणि तेच पाणी सोसून बसलीय. एकच नवी घातली तर नवी बाजू उंच, जुनी खाली, गाडी एका अंगाला कललेली. लहान गाडीच्या दोन स्प्रिंगा मिळून साधारण एका चांगल्या टायरच्या घरात जातात. त्या पैशांसाठी अर्धं काम करून घेऊ नका.

स्प्रिंगवर रंगाचे लहान ठिपके असतात. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचं वजन वेगळं, त्यामुळे स्प्रिंगही वेगळी, आणि ते ठिपके ओळखीसाठी असतात. दुकानदाराला मॉडेल, साल आणि इंधन तिन्ही सांगा. पुढचं काम असेल तर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर त्याच वेळी बघून घ्या, कारण मजुरी एकदाच लागते. बशी खरवडून, गंज काढून, रंग लावून, भोक मोकळं करूनच नवी स्प्रिंग बसवायला सांगा. शेवटी अलाइनमेंट.

११. हा मुद्दा गॅरेजातल्या पोरांसाठी

पुढच्या स्प्रिंगवर गाडीचं तीनशे किलोंच्या आसपास वजन असतं, आणि शॉकअपवर बसवलेली स्प्रिंग चाक हवेत असतानाही दाबलेलीच असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडला तर माउंटिंग आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. दोरी बांधून, साखळी गुंडाळून, "मी धरतो, तू सोड" म्हणून हे काम करणारी पोरं मी पाहिलीत. त्यात बोटं गेलेला एक जण माझ्या ओळखीचा आहे, आज तो पाना धरू शकत नाही. दोन्ही बाजूंनी कॉम्प्रेसर लावा, सारखा आवळा, तोंड कधीही नटाच्या रेषेत आणू नका. तुटलेल्या स्प्रिंगला कॉम्प्रेसरची पकड नीट बसत नाही, ती घसरू शकते. अशा वेळी घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा प्यायला पाठवा. गॅरेजमालकांनीही चांगला कॉम्प्रेसर विकत घ्यावा. पोराच्या हातापेक्षा तो महाग नाही.

१२. जुनी गाडी घेताना

किलोमीटर, टायर, रंग, सर्व्हिसचं बुक, सगळं बघतात आणि गाडी खालून कुणी बघत नाही. ती कुठे राहिली हे आधी विचारा. समुद्रालगत राहिलेली गाडी वाईटच असते असं नाही, पण तिचा तळ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तळाला नुकताच काळा रंग जाडजूड मारला असेल तर जास्त बारकाईने बघा. विकणाऱ्याने रॅम्पवर न्यायला नकार दिला तर ती गाडी सोडून द्या.

गणपतीला गावी येणाऱ्यांना एक सांगणं आहे. निघायच्या आठ दिवस आधी गाडी जवळच्या गॅरेजात न्या. ऑइल, कूलंट, वायपर बघतीलच. तुम्ही त्यांना गाडी रॅम्पवर चढवायला सांगा, चाकं हवेत उचलू द्या, आणि चारही स्प्रिंगांची खालची टोकं स्वतः त्यांच्याबरोबर उभं राहून टॉर्चने बघा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. त्यात एखादी तुटलेली निघाली तर त्या गाडीने प्रवासाला निघू नका. एसटीने या, रेल्वेने या, पण स्प्रिंगा बदलल्याशिवाय ती गाडी घाटात घालू नका.